वर्डची फाइल छापायला देण्याआधी

आमच्या चिपळूणच्या छापखान्यात पुस्तक, स्मरणिका, कुलवृत्तांत किंवा पत्रिका छापायला देणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी

घरच्या संगणकावर ९६ पानांचं असलेलं पुस्तक आमच्याकडे उघडलं की कधीकधी १०१ पानांचं होतं. मजकुरातलं एक अक्षरही बदललेलं नसतं. तरीही अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकतात, एखादं शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहतं, आणि सहा फर्म्यांत (फर्मा म्हणजे एकत्र छापला जाणारा १६ पानांचा संच) बसणारं पुस्तक साडेसहा फर्म्यांवर जातं. म्हणजे कागद वाढला आणि खर्चही वाढला.

असं होण्याचं कारण वर्डच्या घडणीतच आहे. वर्डच्या फाइलमध्ये मजकूर असतो आणि तो कसा मांडायचा याच्या सूचना असतात. पान मात्र ती फाइल ज्या संगणकावर उघडेल तिथे नव्याने तयार होतं. त्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल, वर्डची आवृत्ती वेगळी असेल किंवा जोडलेला प्रिंटर वेगळा असेल, तर ओळी दुसरीकडे तुटतात. एका पानावर एक ओळ सरकली की पुढची सगळी पानं तिच्यामागून सरकतात. पीडीएफमध्ये असं होत नाही. तिथे प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे की दोन वाटांपैकी एक निवडा. पानं आम्ही लावायची असतील तर आम्हाला साधा, नटवलेला नसलेला मजकूर द्या. पानं तुम्हीच लावणार असाल तर ती शेवटपर्यंत लावा आणि पीडीएफ द्या. अर्धी सजावट केलेली वर्डची फाइल आणि सोबत "बाकीचं तुम्ही बघून घ्या" हा निरोप, यातून सगळ्यात जास्त चुका होतात.

एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हे आम्ही अनुभवलं आहे. माजी शिक्षकांचे फोटो आणि त्यांखालची नावं वेगवेगळ्या चौकटींत टाकलेली होती. आमच्याकडे फाइल उघडताना नावांच्या चौकटी एका घराने खाली सरकल्या. मूळ पानांशी ताडून पाहणं आमचं काम होतं, ते आमच्याकडून झालं नाही. दिवंगत गुरुजींच्या फोटोखाली दुसऱ्याच बाईंचं नाव छापून गेलं. तो फर्मा आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापला, पण गुरुजींच्या घरी पहिली प्रत आधीच पोहोचली होती. तेव्हापासून वर्डच्या फाइलसोबत तुमच्याच संगणकावर काढलेली पीडीएफ किंवा छापील प्रत असल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही. हा नियम कृपया त्रास समजू नका.

पानं आम्ही लावायची असतील तर

मजकूर सलग टाइप करा. परिच्छेद संपला की एकदाच एंटर दाबा. नवं प्रकरण नव्या पानावर हवं म्हणून एंटर दाबत खाली जाऊ नका, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की पान तुटतं. शब्द मध्यावर आणायला स्पेसबार वापरू नका. पंचवीस स्पेस टाकून मध्यावर आणलेलं शीर्षक आमच्या पानावर कुठेही जाऊन बसतं आणि त्या स्पेस एकेक करून काढाव्या लागतात. प्रकरणाच्या नावांना वर्डमधली हेडिंगची स्टाइल लावली असेल तर आमचा एक अख्खा दिवस वाचतो, कारण तिच्यावरून अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

फोटो मजकुरात चिकटवू नका. जिथे हवा तिथे चौकटी कंसात "फोटो ७ इथे" एवढं लिहा आणि फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये त्याच क्रमांकाने द्या. फाइलच्या नावातच व्यक्तीचं नाव लिहिलंत तर आणखी बरं. वर सांगितलेली चूक मग होऊच शकत नाही.

दोघातिघांनी मिळून मजकूर तपासला असेल, तर रिव्ह्यूमधल्या सगळ्या दुरुस्त्या स्वीकारून किंवा नाकारून, शेरे पुसून मग फाइल पाठवा. कुलवृत्तांताच्या फाइलमध्ये "ही माहिती काकांना विचारून घेणे" असे शेरे तसेच राहिलेले आम्ही पाहतो. कोणता राहू द्यायचा आणि कोणता काढायचा हे घरातल्या माणसालाच ठाऊक असतं.

मराठी फॉन्ट

इथे जरा सावकाश वाचा, कारण मराठी पुस्तकांचं अर्धं काम इथेच अडतं.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर हे प्रत्यक्षात रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र असतं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तुमची प्रस्तावना रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडते. युनिकोडमध्ये "क" हा सगळीकडे "क"च असतो, फॉन्ट बदलला तरी मजकूर शाबूत राहतो. नवं काही टाइप करणार असाल तर युनिकोडमध्येच करा. जुना मजकूर श्रीलिपीत असेल तर तोही आणा. आम्ही तो रूपांतरित करू, पण त्यानंतर पुन्हा एकदा मुद्रितशोधन करावंच लागतं. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी रूपांतरात हमखास हलतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकणारं अक्षर म्हणजे "ऱ्य". "किनाऱ्यावर", "वाऱ्याने", "पायऱ्या", "दऱ्या" हे शब्द कोकणावर लिहिणाऱ्याला पानोपानी लागतात. साधा र वापरून टाइप केलं की "दऱ्या"चं "दर्या" होतं, आणि डोंगर-दऱ्यांतलं गाव एकदम समुद्रावर जातं. दोन्ही शब्द मराठीच असल्यामुळे स्पेलिंग तपासणारी सोय तिथे काही बोलत नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ मिळतो, त्यापुढे हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य. फाइल देण्याआधी "र्य" आणि "र्ह" शोधून प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला. "सूर्य", "कार्य" तसेच राहतील. "सुपाऱ्या" आणि "तऱ्हा" दुरुस्त होतील.

दुसरी बाब ल आणि श यांची. "मंगल" फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची दिसतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिला आहे. शाळेच्या पुस्तकात वाढलेल्या वाचकाचा डोळा तोच शोधतो. राज्य मराठी विकास संस्थेचा "यशोमुद्रा" फॉन्ट विनामूल्य आहे आणि त्यात ही वळणं मराठी आहेत. पुस्तक पूर्ण मंगलमध्ये टाइप केलं असेल तरी चिंता नको. ते युनिकोडच आहे, फॉन्ट आम्ही बदलू.

पानं तुम्ही लावणार असाल तर

सुरुवातीलाच कागदाचा आकार ठरवा. वर्ड ए-४ वर किंवा लेटरवर उघडतो, आणि पुस्तक बहुधा डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं. शेवटी आकार बदलला तर केलेली सगळी मांडणी वाया जाते. पेज सेटअपमध्ये मिरर मार्जिन्स निवडा. बांधणीच्या बाजूला २० मिलिमीटर आणि बाहेरच्या बाजूला १५ मिलिमीटर समास ठेवा. जाड पुस्तकात बांधणीकडचा समास आणखी थोडा वाढवा, नाहीतर ओळीची टोकं शिवणीत जातात.

मध्ये पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. मोठ्या पुस्तकाचा फर्मा १६ पानांचा. मुखपृष्ठाचा रंग कागदाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त रंग हवा, कारण कटिंगच्या सुरीखाली केसभर फरक पडतोच. वर्डमध्ये हे करणं किचकट आहे. मुखपृष्ठ आमच्याकडे सोपवा असंच आम्ही सांगू.

पीडीएफ काढल्यावर ती ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून प्रॉपर्टीजमधल्या फॉन्ट्सच्या यादीत प्रत्येक फॉन्टपुढे "एम्बेडेड" (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला) लिहिलेलं आहे ना, ते पाहा. ते नसेल तर आमच्या यंत्रावर दुसरीच अक्षरं येतील.

फोटो

छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात. पाच इंच रुंद छापायच्या फोटोची रुंदी निदान १,५०० पिक्सेल हवी. फोनच्या कॅमेऱ्यातला मूळ फोटो याहून कितीतरी मोठा असतो. तो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आकसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा पेनड्राइव्हवर द्या. वर्डसुद्धा फाइल जतन करताना फोटो दाबून लहान करतो. ते टाळायला ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली "डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल" वर खूण करा आणि ती फोटो टाकण्याआधी करा.

आजोबा-पणजोबांचे भिंतीवरचे फोटो काचेसकट फोनवर काढू नका. काचेत खिडकी आणि काढणाऱ्याची सावली उमटते. फ्रेम उघडता येत असेल तर फोटो आमच्याकडे आणा, आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, तसाच आणा. दुसरा फोटो उरलेलाच नसतो अशी पुष्कळ घरं आहेत.

रंगांबद्दल आधीच सांगतो. पडद्यावरचा रंग हा प्रकाश असतो आणि कागदावरचा रंग चार शायांचा. भाताच्या कोवळ्या रोपांचा हिरवा आणि पेटीवरच्या हापूसचा केशरी कागदावर थोडा उतरतो. रंग महत्त्वाचा असेल तर तुमच्याच कागदावर नमुना काढून मागा. अक्षरांचा काळा रंग "ऑटोमॅटिक"वर ठेवा. गडद करण्यासाठी वेगळा काळा निवडू नका, बारीक अक्षर एकाच काळ्या शाईत स्वच्छ उठतं आणि ते काम आम्ही करतो.

प्रूफ आणि वेळ

प्रूफ कागदावर वाचा, फोनवर नको. एकदा नुसती नावं वाचा, एकदा नुसते आकडे. पत्रिकेत तारखेसमोरचा वार पंचांगाशी ताडून पाहा. घरातल्या ज्याने मजकूर लिहिला नाही अशा एखाद्याला वाचायला द्या, लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. प्रूफवर सही झाल्यावर आम्ही एक काना-मात्राही हलवत नाही.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा वळतात आणि शाई वाळायला वेळ लागतो. ओली पानं बांधणीला घेतली तर शाई समोरच्या पानावर उमटते. म्हणून जून ते सप्टेंबर दोन-तीन दिवस जास्त धरा. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा प्रकाशन करायचं असेल, तर अंतिम मजकूर जुलै संपायच्या आत आमच्या हाती हवा. शिमग्यासाठीही असाच महिनाभर आधी.

आणि शेवटची अंतिम पीडीएफ तुमच्याकडेही ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचे संगणक आणि जुन्या कामांच्या डिस्क पाण्याखाली गेल्या. ज्या घरांनी स्वतःची प्रत ठेवली होती, त्यांचे कुलवृत्तांत आम्ही पुन्हा छापून दिले. बाकीच्यांसाठी छापील पुस्तकावरून अक्षर अक्षर पुन्हा टाइप करणं सुरू आहे. आता काम पूर्ण झाल्यावर अंतिम फाइल आम्ही तुमच्या पेनड्राइव्हवर विनाशुल्क भरून देतो. प्रती न्यायला याल तेव्हा पेनड्राइव्ह सोबत आणा.