द रेड स्लीव्ह

द रेड स्लीव्ह : दक्षिण कोरियातील १७ भागांची ऐतिहासिक प्रेममालिका. एमबीसी वाहिनीवर १२ नोव्हेंबर २०२१ ते १ जानेवारी २०२२ या काळात ती प्रसारित झाली. कांग मि-कांग यांच्या २०१७ मधील कादंबरीवर ती आधारलेली असून दिग्दर्शन जंग जी-इन यांचे आहे. ली जुनहो (युवराज, पुढे राजा जंगजो) आणि ली से-यंग (दासी सोंग दॉक-इम) प्रमुख भूमिकांत आहेत. पहिल्या भागाला ५.७ टक्के प्रेक्षक होते, शेवटच्याला १७.४ टक्के. जुनहोला २०२२ चा बेकसांग हा कोरियन चित्रपट-दूरदर्शन क्षेत्रातला पुरस्कार मिळाला.

ऐतिहासिक मालिकांना कोरियनमध्ये ‘सागुक’ म्हणतात. त्यांतल्या प्रेमकथेचा साचा ठरलेला असतो : राजा, सामान्य घरातली मुलगी, कारस्थाने, विरह. या मालिकेत हे सगळे आहे, पण तिची पकड वेगळ्या ठिकाणी आहे. राजा मागणी घालतो आणि दासी नाही म्हणते. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. तिचे मन त्याच्यावर नाही म्हणून नव्हे, तर आपल्या हातात असलेले एवढेसे आयुष्य राणीवशात गेल्यावर आपले राहणार नाही हे ती ओळखून असते म्हणून.

हा नकार लेखिकेने रचलेला नाही. दॉक-इम म्हणजे इतिहासातील उइबिन सोंग (१७५३–१७८६). तिच्या मृत्यूनंतर जंगजोने स्वतः तिचा समाधिलेख लिहिला आणि त्यात हे नमूद केले. पहिल्यांदा विचारले तेव्हा ती रडली. युवराज्ञीला अजून मूल नाही, तेव्हा माझी छाती होत नाही, असे तिने सांगितले. पंधरा वर्षांनी पुन्हा विचारले, पुन्हा नकार. अखेर राजाने तिच्या सेवकांना शिक्षा केली तेव्हा ती तयार झाली. नकार पचवलेला राजा तोच नकार दगडावर कोरून ठेवतो, हे वाचून आजचा वाचकही चमकतो. आणि त्यातली जबरदस्तीही त्याच लेखात आहे, हे विसरता येत नाही.

शीर्षकातली बाही ही राजवाड्यातील दासींच्या पोशाखाची. तिचा काठ तांबडा : ही स्त्री राजाची, अशी खूण. दासीला लग्न करता येत नसे, मनात येईल तेव्हा वाडा सोडून जाताही येत नसे. म्हणून मालिकेत जीव लावणारा भाग पुष्कळदा प्रेमप्रसंगांत सापडत नाही. तो चार मैत्रिणींच्या खोलीत आहे. दॉक-इम, ग्यंग-ही, बोक-यन आणि यंग-ही तिथे खातात, भांडतात, एकमेकींची गुपिते जपतात. यंग-हीला एका पहारेकऱ्यावरच्या प्रेमापायी जीव गमवावा लागतो, तेव्हा तांबड्या काठाचा अर्थ प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

दॉक-इम कादंबऱ्यांच्या नकला करून चार पैसे जोडते, वाचूनही दाखवते. यालाही आधार आहे. १७७३ मध्ये जंगजोच्या दोन बहिणींसह तिने एका लांबलचक कादंबरीची हाताने नक्कल केली होती. याच जोडप्यावर २००७ साली ‘ई सान’ ही ७७ भागांची मालिका आली होती. तीत नायिकेचा हात चित्रकलेत रमलेला दाखवला होता. पुस्तकांत रमलेली दॉक-इम नोंदींच्या जास्त जवळ जाते.

राजाच्या बाजूचे दुःख जुने आहे. त्याचा बाप युवराज सादो याला १७६२ मध्ये आजोबा राजा यंगजोने तांदळाच्या पेटीत कोंडले आणि आठ दिवसांत तो मेला. पोर वयात हे पाहिलेला मुलगा पुढे कुणावर विश्वास कसा टाकणार, हा प्रश्न मालिकेत सतत मागे उभा असतो. जुनहोने तो आवाज न चढवता दाखवला आहे.

कोरियन प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक होता. दोघांचा मुलगा मुनह्यो १७८६ मध्ये गोवराने गेला. त्याच वर्षी काही महिन्यांनी, गरोदर असतानाच, उइबिनही गेली. तरी शेवटचे भाग पाहून लोक ढसढसा रडले, कारण मालिका मृत्यूवर रडवत नाही. अंथरुणाला खिळलेली दॉक-इम राजाला नव्हे, मैत्रिणींना बोलवा म्हणते. पुढच्या जन्मी भेट झाली तर मला न ओळखता पुढे निघून जा, असेही त्याला सांगते. मग तुझे माझ्यावर प्रेम नव्हतेच का, असे तो विचारतो. मनात नसते तर मी कशीही पळून गेले असते, हे तिचे उत्तर. होकाराचा हा एकच शब्द, तोही उलट्या वाटेने. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ग्यंग-हीकडून तिच्या वस्तू हाती येतात. राजा तांबड्या काठाचा जुना पोशाख उचलतो आणि ती एवढीशी होती का, याचेच त्याला नवल वाटते.

इंग्रजी उपशीर्षकांत एक गोष्ट हरवते. दासी असताना दॉक-इम स्वतःला एका शब्दाने संबोधते, राणीवशात गेल्यावर ‘सिनचप’, म्हणजे आपली सेविका-पत्नी, असे म्हणू लागते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘आय’. तू, तुम्ही आणि आपण यांतले अंतर जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकाने कान देऊन ऐकले तर सर्वनाम बदलताना नाते कसे आक्रसते ते कळते.

उइबिनला सोलमध्ये मुनह्योच्या समाधीजवळ पुरले होते. ती जागा आज ह्योचांग उद्यान म्हणून ओळखली जाते. १९४४ मध्ये जपानी राजवटीत दोन्ही समाध्या गोयांग शहरातील सोसामनुंग या राजघराण्याच्या समाधिस्थानी हलवण्यात आल्या. तिथे आई आणि मुलगा वेगवेगळ्या भागांत आहेत.