मिठाची पुरचुंडी, दाराचं वजन आणि मानेचा पट्टा

मान दुखायला लागली की हल्ली लोक डॉक्टरांच्या आधी मोबाइल उघडतात. पट्टा, दाराला अडकवून मान वर ओढायचं ट्रॅक्शन, खोलगट फोमची उशी, करंट देणारं छोटं यंत्र, मसाज गन, सगळं दोन दिवसांत घरपोच मिळतं. २०२० साली जगात सुमारे २० कोटी लोकांना मानदुखी होती, तेव्हा गिऱ्हाइकांची वाण नाही. माझं ठाम मत असं की यातलं काही घेण्याआधी ती वस्तू मुळात कुठल्या दुखण्यासाठी तयार झाली हे माहीत करून घ्यावं. बऱ्याच वस्तू साध्या मानदुखीसाठी बनलेल्याच नव्हत्या.

शेक मात्र पहिल्यापासून घरातला. सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभाचं, म्हणजे मान धरण्याचं वर्णन आहे आणि त्याची कारणं आजही ओळखीची वाटतात: दिवसा झोपणं, चुकीचं बसणं-उभं राहणं, मान वर करून बघत राहणं. पुढच्या ग्रंथांनी त्यावर रूक्ष स्वेद, म्हणजे कोरडा शेक सांगितला. तव्यावर भाजलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी किंवा फडक्यात गुंडाळलेली गरम वीट हा तसाच कोरडा शेक. १८९३ साली कासीनाधुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं आणि चोळायच्या औषधाची डबी फडताळात आली. रबरी पिशवीचं श्रेय झाग्रेबचे अभियंते स्लावोल्युब पेंकाला यांना देतात; त्यांचं पेटंट १९०३ चं. पिशवी अर्धी-पाऊण भरून, वरची हवा दाबून काढून, टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकावं. मधुमेहामुळे त्वचा बधिर झाली असेल तर आधी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हात लावून बघावा, कारण अशा माणसाला भाजलेलं कळतच नाही.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची पद्धत आपल्या गावोगाव होती. ती पाठीपुरती होती तोवर ठीक. पण सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय मला खरोखर धास्तावते. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर चढतात. झटक्याने त्यांचं अस्तर फाटलं तर पक्षाघातापर्यंत मजल जाऊ शकते.

आता ओढीकडे, म्हणजे ट्रॅक्शनकडे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या फ्रान्सिस ग्लिसन यांनी मुडदुसाने वाकलेल्या मुलांना डोक्याला आणि काखेत पट्टे बांधून टांगण्याची रीत वर्णन केली. हनुवटीखालून आणि डोक्यामागून जाणाऱ्या पट्ट्याला अजूनही ग्लिसनचंच नाव आहे. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कचे लुईस सेअर मणक्याचा क्षय झालेल्या किंवा पाठीला बाक आलेल्या रुग्णांना तिपाईला टांगत आणि त्या ताठ अवस्थेतच अंगाभोवती प्लास्टर चढवत. ओडेसातल्या मोचुत्कोव्स्की या डॉक्टरांनी अशा टांगण्याने सिफिलिसमुळे मज्जारज्जू खराब झालेल्या रुग्णांना बरं वाटतं असं सांगितलं. १८८९ मध्ये पॅरिसचे विख्यात मज्जासंस्थेचे डॉक्टर शार्को यांनी ते उचलून धरलं, त्यांच्या नावाच्या वजनामुळे युरोपभर रुग्ण टांगले जाऊ लागले आणि थोड्याच वर्षांत ती लाट ओसरली. आजार तसाच राहिला होता.

वजन लावण्याची कल्पना मात्र अस्थिरोग विभागात टिकली आणि तिथून फिजिओथेरपीत आली. आपल्याकडे फिजिओथेरपीचं शिक्षण रुजलं ते पोलिओमुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचं विद्यालय उभं राहिलं. १९५५ मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. ‘मानेला वजन लावलंय’, ‘मशीनचा शेक चालू आहे’ हे शब्द पुढे घरोघरी रुळले.

घरी लावायचा संच जवळून बघण्यासारखा आहे. दाराच्या वरच्या कडेला अडकवायचा लोखंडी आकडा, त्यावरच्या कप्पीतून जाणारी दोरी, तिच्या एका टोकाला हनुवटीचा पट्टा आणि दुसऱ्या टोकाला पाणी भरायची पिशवी. पिशवीवर रेषा असतात. एक लिटर म्हणजे एक किलो. बसलेल्या माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं. म्हणजे तीन लिटरची पिशवी लावली तर मणके एकमेकांपासून दूर होत नाहीत, डोक्याचा थोडा भार तेवढा हलका होतो. मणक्यांमधलं अंतर वाढायला साधारण ११ किलोच्या आसपास ओढ लागते, असं फिजिओथेरपीची पाठ्यपुस्तकं सांगतात. हे कळल्यावर माणूस पिशवीत पाणी वाढवायला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. हनुवटीचा पट्टा सगळा ताण जबड्याच्या सांध्यावर टाकतो. शिवाय ज्याच्या हाताला मुंग्या येतात, हातातून वस्तू निसटतात, चालताना तोल जातो किंवा ज्याला अपघातानंतर मान दुखते आहे, त्याने तपासणीशिवाय मानेला ओढ लावणं धोक्याचं. ट्रॅक्शन फिजिओथेरपिस्टने वजन, कोन आणि वेळ ठरवून दिल्यावरच घरी आणावं. जाहिरात पाहून हा संच मी कुणालाही घेऊ देणार नाही.

या सगळ्याचा हिशेब १९६६ सालीच मांडला गेला होता. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून मान आणि हात दुखणाऱ्या रुग्णांचे गट पाडले. कुणाला खरं ट्रॅक्शन, कुणाला ओढ न लावता ट्रॅक्शनची नुसती स्थिती, कुणाला पट्टा, कुणाला औषध नसलेल्या गोळ्या, तर कुणाला शेकाचं यंत्र, पण प्रत्यक्षात शेक न देणारं. चार आठवड्यांनी प्रत्येक गटातले साधारण चारांतले तिघे बरे होत आलेले होते आणि गटागटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. बहुतेक मानदुखी आपल्या पायांनी येते आणि आपल्या पायांनी जाते. मधल्या दिवसांत आपण जे वापरलं त्याला श्रेय मिळतं. हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे खरेदीची घाई उरत नाही.

पट्ट्याची गोष्ट छोटी आहे. फ्रॅक्चर आणि शस्त्रक्रियेसाठी मान स्थिर ठेवणं गरजेचं, म्हणून कडक पट्टे आले. त्यांची मऊ फोमची भावंडं अपघातात मानेला हिसका बसलेल्या लोकांना सर्रास दिली जाऊ लागली. १९९५ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकच्या तज्ज्ञगटाने शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की अशा रुग्णांनी शक्य तितक्या लवकर नेहमीच्या हालचाली सुरू कराव्यात. महिनोन्‌महिने पट्टा लावला की मानेचे स्नायू दुबळे होतात. बसच्या लांब प्रवासात दोन-तीन तास लावायला हरकत नाही, पण तो लावून ऑफिसचा सगळा दिवस काढू नये.

उशीबद्दल भांडण नको. ‘नासाचा फोम’ म्हणून जो विकतात तो खरंच १९६६ च्या सुमारास विमानातल्या आसनांसाठी, धक्का शोषायला, चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या कामात तयार केला. मानेचा त्यात विचार नव्हता. कुशीवर झोपल्यावर कान आणि खांदा यांमधली जागा भरून निघेल इतकीच उंची हवी. पिंजून घेतलेल्या सावरीच्या कापसाची उशी हे काम चोख करते आणि कापूस काढून-घालून उंची बदलता येते.

करंटचं यंत्र घ्यायला मी विरोध करत नाही. पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा मासा ठेवायला सांगत. १९६५ मध्ये वेदनेचा अभ्यास करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल यांनी मज्जारज्जूतल्या ‘दारा’चा सिद्धांत मांडला: स्पर्शाचे संदेश जास्त झाले की वेदनेच्या संदेशांना वाट कमी मिळते. त्यातून १९७० च्या दशकात हे खिशातलं यंत्र आलं. चालू असेपर्यंत बरं वाटतं, पुढे फारसं टिकत नाही. पॅड मानेच्या मागे किंवा खांद्यावर लावावेत, गळ्यावर कधीही नाही, आणि पेसमेकर असलेल्यांनी हात लावू नये. मसाज गनचंही तसंच. ती २०१६ नंतर दुकानांत आली, खेळाडूंच्या मांड्या-पोटऱ्यांच्या जाड स्नायूंवर तिचं नाव झालं. मानेजवळ ती खांद्याच्या वरच्या मांसल भागापर्यंतच चालवावी, मणक्यावर किंवा मानेच्या बाजूला नको.