युनियन प्रतिनिधी व सरकारी कर्मचारी यांच्यातील संवादाची गोपनीयता (अमेरिका)

विभागीय चौकशीला सामोरा जाणारा सरकारी कर्मचारी आपल्या युनियनच्या प्रतिनिधीशी विश्वासाने जे बोलतो, ते उघड करायला त्या प्रतिनिधीला भाग पाडू नये, असे अमेरिकी कामगार कायद्यातील एक तत्त्व. शिस्तभंगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात कर्मचाऱ्याजवळ बहुधा वकील नसतो. त्याची बाजू युनियनचा माणूस मांडतो. हा माणूस पुष्कळदा त्याच कार्यालयात नोकरीला असतो. त्यामुळे ‘तो तुला काय म्हणाला?’ असे वरिष्ठांनी दरडावून विचारले, तर गप्प बसणे त्याच्याही नोकरीवर बेतू शकते.

न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली ‘सिटी ऑफ न्यूबर्ग विरुद्ध न्यूमन’ या खटल्यात हाच पेच होता. पोलीस संघटनेच्या पदाधिकाऱ्याला एका सदस्याशी झालेल्या बोलण्याविषयी शहर प्रशासनाने प्रश्न विचारले. अशा विचारपूसीमुळे प्रतिनिधित्वाच्या हक्कालाच बाधा येते, असे अपील न्यायालयाने ठरवले. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७८ च्या नागरी सेवा सुधारणा कायद्याचा आधार आहे. सीमाशुल्क विभागाच्या प्रकरणात संघीय कामगार संबंध प्राधिकरणाने १९९१ मध्ये असा संवाद संरक्षित मानला. असाधारण गरज असेल तरच अपवाद.

हे सारे संरक्षण मुळात मालकापासूनचे. कोर्टाचे समन्स आले की ते पुरेलच असे नाही, आणि राज्याराज्यांतली खरी विसंगती इथे दिसते. अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. बडतर्फ झालेल्या एका राज्य कर्मचाऱ्याच्या दाव्यात सरकारने युनियन प्रतिनिधीची साक्ष आणि त्याच्याकडची तक्रारीची फाइल मागवली होती. सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या कामगार संबंध कायद्यातूनच हा विशेषाधिकार (कोर्टातही असा संवाद उघड न करण्याचा हक्क) निघतो, असे म्हणत न्यायालयाने ती मागणी अडवली. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने मात्र २००३ मध्ये, खासगी विमान कंपनीच्या खटल्यात, वकील-अशील धर्तीचा विशेषाधिकार नाकारला: तो द्यायचा तर विधिमंडळाने द्यावा. विधिमंडळाने पुढे तसे विधेयक मंजूर केलेही, पण गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी २०१३ मध्ये ते नकाराधिकार वापरून परत पाठवले.

इलिनॉय राज्याने हा विशेषाधिकार थेट कायद्यात घातला आहे. तिथेही तो निरपवाद नाही. जीवितहानी किंवा गंभीर इजा टाळायची असेल, प्रतिनिधीवरच खटला असेल किंवा कर्मचाऱ्याने संमती दिली असेल, तर प्रतिनिधीला तोंड उघडता येते.