गावठाणांचे सांडपाणी खाडीत कसे पोहोचले?

गाव महापालिकेत आले की नळाची मागणी लगेच होते, ड्रेनेजचे मात्र ‘बघू पुढे’. दहिसर मोरी परिसरातली १४ गावे २००७ साली नवी मुंबई महापालिकेतून वगळली गेली आणि ती पुन्हा जोडण्याचा निर्णय २०२२ साली झाला. त्यांच्या सांडपाण्याचा विचार करायचा, तर महापालिकेतल्या २९ जुन्या गावांचा अनुभव आधी पाहायला हवा.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची शेती, मिठागरे, खाडीकाठची खाजणे नव्या शहरासाठी घेतली गेली. राहती गावठाणे मात्र आराखड्याबाहेर राहिली. नोडमध्ये, म्हणजे सिडकोने आखलेल्या उपनगरांत, इमारतींबरोबर मैलावाहिन्या पडल्या, शेजारच्या गावात घरोघरी सेप्टिक टँकच राहिला.

सेप्टिक टँक म्हणजे अर्धीच प्रक्रिया. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर पडते. ते निवळलेले दिसले तरी रोगजंतू त्यात असतातच. म्हणून ते शोषखड्ड्यात, मातीतून गाळले जायला हवे. पण खाडीकाठची चिकणमाती पाणी लवकर शोषत नाही, शिवाय जमिनीखालचे पाणी फार खोल नसते. खड्डा तुंबतो आणि टाकीचा पाईप समोरच्या पावसाळी गटारात सोडला जातो. त्यात एका बैठ्या घरासाठी खोदलेल्या टाकीवर पुढे मजले चढले, भाडेकरू आले. याचा दोष ग्रामस्थांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. शेती गेली होती. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळावेत म्हणून १९८४ साली जासईला रक्त सांडावे लागले. वाढत्या कुटुंबाने घर बांधायचे कुठे? परवानगीविना उभी राहिलेली ‘गरजेपोटी बांधकामे’ झाली ती यातूनच.

गटारातले पाणी नाल्याला, नाल्यातले होल्डिंग पॉन्डला, म्हणजे खाडीकाठच्या साठवण तळ्याला. खाजणाच्या बांधाला आगरी शेतकरी उघाडी ठेवत: ओहोटीला आतले पाणी बाहेर, भरतीला दार बंद. सिडकोचे होल्डिंग पॉन्ड त्याच तत्त्वावर चालतात, पण ते पावसाच्या पाण्यासाठी आहेत. मैलापाणी आले की तळाशी गाळ साचतो आणि उरलेले ठाणे खाडीत उतरते. याच खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाले आणि २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला.

महापालिका १९९२ पासून कारभार पाहते. पुढे आधुनिक मलप्रक्रिया केंद्रे उभी राहिली. त्यांत एकाच टाकीत आळीपाळीने हवा सोडणे, गाळ बसवणे आणि वरचे पाणी काढून घेणे चालते. कोपरखैरणे आणि ऐरोलीत त्यापुढचीही प्रक्रिया करून टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी पाणी तयार केले जाते; क्षमता प्रत्येकी रोज २ कोटी लिटर. हे काम अभिमानाचे आहे. पण केंद्र शुद्ध करते ते तिथवर आलेले पाणी. गावठाणात अडचण असते शेवटच्या वीस फुटांची: बोळ अरुंद, जमीन सपाट, पाईपला उतार मिळत नाही, आणि जोडणीसाठी उंबऱ्यापाशी खोदावे लागते.

म्हणून १४ गावांत रस्ते काँक्रीटचे होण्याआधी प्रत्येक घराची टाकी कुठे आहे, तिचे पाणी कुठे जाते, याची नोंद व्हावी. मुख्य वाहिनी आणि घरजोडणी एकाच निविदेत धरावी. जिथे वाहिनी नेणे परवडणार नाही, त्या पाड्यांवर दोन खड्ड्यांची शौचालये (एक भरला की दुसरा वापरायचा) आणि मोरीच्या पाण्यासाठी वेगळे शोषखड्डे आत्ताच मंजूर करावेत.