मोह टाळणं आणि रोजची ख्रिस्ती चाल (बेळगाव सीमाभाग)

ख्रिश्चन माणसाने आपला विश्वास रविवारी चर्चच्या बाकावर ठेवून न येता सोमवार ते शनिवार कामावर, बाजारात, शेजाऱ्यापाजाऱ्यात आणि आता मोबाइलवरसुद्धा निभावायचा, आणि चुकीचं आहे हे माहीत असूनही जे करावंसं वाटतं त्याला नाही म्हणायचं, या सगळ्या खटाटोपाला मिळून मोह टाळणं म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांत (मंडळी म्हणजे एका चर्चची माणसं) 'साक्ष' हा शब्द जास्त चालतो, रोजच्या वागण्यातून दिसणारा विश्वास अशा अर्थाने, म्हणजे अमक्याची साक्ष चांगली आहे, तमक्याची बिघडली. बाहेरून बघणाऱ्याला हा सगळा मनाच्या ताकदीचा खेळ वाटतो, पण मंडळीत चार वर्षं उठबस केली की कळतं, हा जास्त करून संगतीचा आणि व्यवस्थेचा मामला आहे, म्हणजे कोणाबरोबर बसायचं, कामावरून कुठल्या रस्त्याने घरी यायचं, पगार कोणाच्या हातात द्यायचा.

बायबलात काय आहे

मुख्य गोष्ट येशूच्या रानातल्या परीक्षेची. मत्तयाच्या आणि लूकच्या चौथ्या अध्यायात ती सविस्तर आहे, मार्कने दोनच ओळींत उरकलीय. चाळीस दिवस उपाशी असताना सैतान येतो आणि तीन गोष्टी सांगतो, धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या टोकावरून उडी टाक, मला नमन कर म्हणजे जगातली सगळी राज्यं देतो (लूकमध्ये शेवटच्या दोघांचा क्रम उलटा आहे). येशू तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन सांगून उत्तर देतो. पण मधल्या वेळी सैतानही ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवतो हे लोक विसरतात, म्हणजे नुसती वचनं पाठ असणं ही काही मोठी लायकी नाही, ती त्यालाही पाठ आहेत. लूकने शेवटी लिहिलंय की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. कायमचा गेला असं म्हटलेलं नाही.

दुसरं नेहमीचं वचन म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथकरांना (करिंथ शहरातल्या मंडळीला) लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं १०:१३, की माणसाला सोसता येणार नाही अशी परीक्षा देव येऊ देत नाही आणि परीक्षेबरोबर बाहेर पडायची वाटही करून देतो. हे वचन इथल्या घराघरात कॅलेंडरवर, फ्रेममध्ये, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दिसतं. गंमत अशी की ते एकटं कापून घेतलेलं असतं, पौल ते एका माणसाला नाही तर आपसात भांडणाऱ्या अख्ख्या मंडळीला लिहितोय, आणि लगेच पुढे मूर्तीला वाहिलेल्या मांसाचं काय करायचं या अगदी स्वयंपाकघरातल्या प्रश्नावर येतो. याकोबाच्या पत्रात वेगळी बाजू आहे, देव कोणाला मोहात घालत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, त्यामुळे सगळा दोष सैतानावर टाकून मोकळं व्हायची सोय राहत नाही. आणि उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ, मालकाच्या म्हणजे पोटीफरच्या बायकोने मोहात पाडायला अंगरखा धरला तर तो अंगरखा तिच्याच हातात सोडून पळाला. तरुण संघात हा धडा हमखास घेतात, कारण त्यात वाद घालत बसायचं नाही, सरळ पळायचं, हे पोरांना लगेच पटतं.

इथल्या मंडळ्या

लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेलं (मेथडिस्ट म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडात जॉन वेस्लीने सुरू केलेला प्रोटेस्टंट पंथ), म्हणून इथल्या मराठी आणि कन्नड प्रोटेस्टंट लोकांत मेथडिस्ट वळण जास्त आहे. कॅथलिक लोकांचं बेळगाव धर्मप्रांत १९५३ सालचं, कॅम्पात फातिमा मातेचं कॅथेड्रल आहे, खानापूरकडे कोंकणी घरं आहेत, आणि लष्करी छावणीमुळे तमिळ आणि इंग्रजी बोलणारे ख्रिश्चनही पहिल्यापासून आहेत. त्यामुळे एकाच गल्लीत मराठीत प्रार्थना, कन्नडमध्ये उपदेश, कोंकणीत कुमसार (धर्मगुरूपुढे पापं कबूल करणं) आणि पोरांचं संडे स्कूल इंग्रजीत असा प्रकार सहज दिसतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून भाषेवरून जो वाद चालू आहे तो चर्चच्या दारातून आत येतच नाही असं नाही, मराठी सर्व्हिसला कुठली वेळ द्यायची यावरून तोंड सुजलेली माणसं बघायला मिळतात, आणि शेजाऱ्यावर प्रीती करा हे शिकवणाऱ्यांनाच हा मोह कसा आवरत नाही कोण जाणे.

जत्रेचं मटण

इथे ख्रिश्चन कुटुंबाचा सगळ्यात अवघड प्रश्न दारूचा नाही, जत्रेचा आहे. बेळगाव-खानापूर भागातल्या गावांत लक्ष्मीची जत्रा काही वर्षांच्या अंतराने भरते आणि भरते तेव्हा गाव फुटेल एवढे पाहुणे येतात, घराघरात मटण शिजतं, आणि शेजारची काकी "जेवायला येतास की न्हाई गा?" म्हणून दोनदा बोलावून जाते. ख्रिश्चन घरात त्या दिवशी चर्चा रंगते. देवीपुढचं आहे, नको, असं एक मत. काकीच्या घरातलं आहे, देवळातलं नाही, जाऊया, असं दुसरं. आणि तिसरं, जे बोलून दाखवत नाहीत, की मटण चांगलं असतं.

पौलाचं उत्तर याच परिस्थितीसाठी आहे. करिंथ शहरात बाजारातलं पुष्कळसं मांस देवळांतून आलेलं असायचं. तो म्हणतो मूर्तीत काही नाही, तुम्हाला कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते न विचारता खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. आठव्या अध्यायात तर माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही असं म्हणून टाकतो. म्हणजे नियम ताटाचा नाही, समोरच्या माणसाचा आहे. इथे प्रत्यक्षात असं चालतं की म्हातारी माणसं जेवायला जातात आणि देवळाकडे जात नाहीत, नवीन विश्वासात आलेली घरं काहीच घेत नाहीत (त्यांचं बरोबर आहे, सवयीच्या जागी परत पाय घसरायची भीती त्यांनाच जास्त), आणि काही जण दुसऱ्या दिवशी काकीला आपल्याकडे चहाला बोलावून हिशोब बरोबर करतात. गणपतीच्या वर्गणीचंही तसंच, बरेच जण मंडपाच्या नावाने न देता गल्लीच्या कामाच्या नावाने देतात, पावतीवर काय लिहायचं यावर थोडी घासाघीस होते आणि विषय संपतो. आमच्याकडच्या काही नव्या फेलोशिपमधले पास्टर हे सगळं सैतानाशी तडजोड म्हणून उडवून लावतात, पण शेजाऱ्याचं ताट नाकारून मग त्याच्याच दारात सुवार्ता सांगायला जाणं मला तरी जमेल असं वाटत नाही.

पैसा, दारू, आकडा

दारूबद्दल मेथडिस्ट लोक जुने कडक. प्रभुभोजनाला (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला) आंबवलेला द्राक्षारस नको म्हणून थॉमस वेल्च नावाच्या अमेरिकन मेथडिस्ट डेंटिस्टने १८६९ साली न आंबणारा द्राक्षरस तयार केला, ती पद्धत इथल्याही मंडळ्यांत आहे. कॅथलिक मिस्सात खरी वाइन असते, आणि दोन्हीकडची पोरं शाळेत यावरून एकमेकांना चिडवतात. कर्नाटकात पाकिटातली सारायी (स्वस्त देशी दारू) जुलै २००७ पासून बंद झाली तरी गोवा जवळ, चोर्ला घाट उतरला की बाटली स्वस्त, त्यामुळे मोहाला इथे गाडीभाडंसुद्धा फार लागत नाही. त्यात स्वतः पिण्यापेक्षा चार बाटल्या जास्त आणून इकडे विकायचा मोह मोठा, ते गुन्ह्यात बसतं हे माहीत असूनही.

मटका, ज्याला इकडे ओसी म्हणतात, तो मुंबईत कापसाच्या भावावरच्या पैजेतून निघाला आणि नंतर चिठ्ठीवरून मोबाइलवर आला. पैशाच्या ऑनलाइन गेमवर २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, पण आयपीएलच्या दिवसांत उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या बाहेर चहाच्या गाड्यावर कानावर काय पडतं ते सगळ्यांना माहीत आहे. बायबलात जुगार करू नको अशी सरळ आज्ञा कुठे नाही, हे पोरं बरोबर शोधून काढतात. मग जुनी माणसं क्रुसाखाली चिठ्ठ्या टाकून येशूचे कपडे वाटून घेणारे शिपाई दाखवतात, की मरणाऱ्या माणसाच्या पायाशी बसून त्यांचं लक्ष कुठे होतं बघा.

एक प्रश्न मात्र उपदेशातून सहसा येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिश्चन झालेल्या दलितांना मिळत नाही (शिखांना १९५६ आणि बौद्धांना १९९० मध्ये तो मिळाला), आणि इथल्या मंडळ्यांत दलित घरं पुष्कळ आहेत. मग कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं जगणारी कुटुंबं असतात, पोराच्या फीसाठी, नोकरीसाठी. याला मोहात पडणं म्हणायचं का? खोटं ते खोटंच म्हणणारे आहेत. पण ज्याच्या आजोबाने अपमानातून सुटायला बाप्तिस्मा घेतला त्याच्यावर हा पेच कायद्याने आणलाय, त्याच्या वासनेने नाही, त्यामुळे याकोबाचं वचन इथे चिकटवताना जरा दमाने घ्यावं. हुंडा घेणाऱ्या आणि सोयरीक बघताना हळूच जात विचारणाऱ्या ख्रिश्चनांना तेवढीही सबब नाही.

उपाय म्हणून काय करतात

सगळ्यात जुनी आणि माझ्या मते सगळ्यात अक्कलहुशारीची व्यवस्था मेथडिस्टांच्या क्लास मीटिंगची. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्लीच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं, ते फेडायला साधारण बारा-बारा जणांचे गट पाडून एकेकावर दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायचं काम दिलं. तो माणूस घरोघरी फिरायला लागला तसं त्याला दिसलं की कोण दारू पितोय, कोणाचं बायकोशी पटत नाही. पैसे गोळा करता करता तो लोकांच्या जिवाची चौकशी करणारा झाला. आपल्याकडच्या भिशीसारखंच, हप्ता चुकला की माणूस घरी येतोच, आणि आला की हप्त्यापलीकडचंही कळतं. इथे आज ती सभा त्या नावाने फारशी ऐकू येत नाही पण आठवड्यातली घरसभा, महिला मंडळ, पगाराच्या दिवशी पास्टरचा "कुठे आहात?" असा फोन, यात तोच जीव आहे.

कॅथलिकांकडे पापनिवेदन, म्हणजे वर सांगितलेलं कुमसार आहे, वर्षातून निदान एकदा करायचंच असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला. आणि जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या पद्धतीची विवेकतपासणी, संघाचा संस्थापक इग्नेशियसच्या साधना-पुस्तिकेत (१५४८ ची मान्यता) तर एकच खोड निवडून दुपारी आणि रात्री जेवल्यावर ती किती वेळा घडली तेवढे ठिपके ओळीवर मांडायचे, आणि कालच्यापेक्षा आज कमी झाले का ते बघायचं असं सांगितलंय. कॅम्पातली सेंट पॉल्स ही १८५६ सालची जेझुइट शाळा, तिथून शिकून गेलेल्या हिंदू-मुसलमान पोरांनाही ही दिवसाचा हिशोब मांडायची सवय लागलेली असते असं ऐकायला मिळतं.

उपवासकाळ राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत, मोजले तर ४६ दिवस, रविवार वगळले की चाळीस. कॅथलिक नियमाने राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढेच सक्तीचे उपवास, १८ ते ५९ वयाच्या लोकांना, मांसवर्ज्य मात्र १४ वर्षांपासून. बाकी लोक आपापलं काही सोडतात, कोणी चहा, कोणी तंबाखू (निपाणीत हे बोलणं सोपं, करणं अवघड, अख्खं गाव त्याच धंद्यावर), अलीकडे पोरी इन्स्टाग्राम सोडतात आणि ईस्टरच्या सकाळी आधी तेच उघडतात. मराठी प्रोटेस्टंट घरांत संध्याकाळची कौटुंबिक उपासना ही रोजची, पेटी असली तर पेटी, नाहीतर टाळ्या, आणि नारायण वामन टिळकांची भजनं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाच्या चालीवर ख्रिस्त गायला, त्यामुळे सीमाभागातल्या वारकरी शेजाऱ्यालाही भिंतीपलीकडून ते परकं वाटत नाही.

एकतीस डिसेंबर

वर्षातली सगळ्यात मोठी परीक्षा हीच रात्र. वेस्लीच्या काळात किंग्जवूडचे कोळसा-खाण कामगार शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढायचे, विश्वासात आल्यावर तीच रात्र जागून प्रार्थनेत काढू लागले आणि त्यातून वॉचनाइट सर्व्हिस निघाली, म्हणजे वाईट सवयीची वेळ रिकामी न ठेवता तीच भरून टाकायची ही युक्ती. बेळगावात एका बाजूला कॅम्पात ओल्ड मॅनचे, म्हणजे सरत्या वर्षाचे, पुतळे जळतात, दुसऱ्या बाजूला गोव्याकडे गाड्यांची रांग, आणि मध्ये चर्चमध्ये साडेदहाला सर्व्हिस सुरू होऊन बाराला घंटा, मग केक आणि चहा. तरुण संघवाले वेळ मुद्दाम लांबवतात, साक्षी, गाणी, खेळ, दीड वाजेपर्यंत, म्हणजे पोरं कंटाळून घरीच जातील. तरी दोन-चार जण केक खाऊन गाडीला किक मारतातच, आणि त्यांना पुढच्या वर्षी गाण्याच्या टीममध्ये ठेवायचं की नाही यावर चर्च कमिटीत दर जानेवारीला भांडण होतं.