संमोहनात माणसाचा ताबा सुटतो का?

‘संमोहित माणूस झोपेत असतो आणि समोरचा सांगेल ते निमूट करतो’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तसं वाटणं स्वाभाविक आहे, कारण रंगमंचावरचे प्रयोग तसेच दिसतात. पण तिथे स्वेच्छेने पुढे आलेल्यांतूनही सूचनांना चटकन प्रतिसाद देणारेच निवडलेले असतात, हे प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही.

संमोहन ही झोप नव्हे. मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, काढला तर तो झोपेतल्यासारखा दिसत नाही. लक्ष एका गोष्टीवर एकवटतं, आजूबाजूचं मागे पडतं आणि शरीर सूचनेला सहज साथ देतं. नकोशी सूचना माणूस नाकारू शकतो, डोळे उघडून उठूही शकतो.

घरीच पडताळा घ्या. दोन्ही हात समोर ताठ धरा, डोळे मिटा आणि एका हातात पाण्याने भरलेली बादली आहे अशी कल्पना करत राहा. अनेकांचा तो हात थोड्या वेळाने खाली येऊ लागतो. आता ठरवा, हात खाली जाऊ द्यायचा नाही. तो थांबतो. सूचनेचा परिणाम होत असतानाही तुमची इच्छा जागीच असते.

सावध राहायला हवं ते वेगळ्याच बाबतीत. संमोहनात ‘आठवलेलं’ सगळं खरं असतंच असं नाही. चुकीची आठवणही तितकीच ठाम वाटू शकते.