जुलूमशाही आणि तिच्या जवळच्या संज्ञा

जुलूमशाही : शासितांचे हित डावलून, स्वतःच्या लाभासाठी आणि धाकदपटशाच्या बळावर चालवलेली सत्ता. 'जुलूम' हा शब्द मूळ अरबी 'जुल्म', म्हणजे अन्याय, यावरून आला. नागपुरात हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवलेल्या मोर्च्यात हुकूमशाही, दडपशाही, मोगलाई असे सगळे शब्द एकाच दमात ऐकू येतात. घोषणेत ते खपून जाते. राज्यशास्त्रात मात्र गोंधळ होतो, कारण यातला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

सत्ता किती जणांच्या हाती एकवटली, हे हुकूमशाही सांगते. तिला लगाम घालणारा कोणी आहे का, हे निरंकुश सत्ता या शब्दातून कळते. ती माणसाच्या घरात, शाळेत, डोक्यात कुठवर शिरते, हा सर्वंकष सत्तेचा प्रश्न. जुलूमशाही सत्तेच्या वापराबद्दल बोलते, म्हणून या शब्दात निवाडा आधीच दिलेला असतो. स्वतःच्या राजवटीला जुलूमशाही म्हणवून घेणारा राज्यकर्ता सापडणे कठीण. हुकूमशहा हे मात्र एके काळी रीतसर पद होते.

ते पद रोमचे. संकट आले की जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी एका माणसाला सर्वाधिकार देत आणि काम संपताच तो पायउतार होई. मुदत हाच या पदाचा कणा होता. इ.स.पू. ८२ मध्ये सुलाने ते बेमुदत घेतले, इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात हुकूमशहा झाला, आणि शब्दाला आजची कळा आली.

ग्रीक शब्दाचा प्रवास याहून वाकडा आहे. तिथला 'तुरान्नोस' म्हणजे वंशपरंपरेचा हक्क नसताना गादी बळकावणारा. तो वाईटच असेल असे नव्हे. अथेन्सच्या पिसिस्ट्राटसने सत्ता बळाने घेतली, पण गरीब शेतकऱ्यांना कर्जे दिली आणि त्याचा कारभार सौम्य होता अशी आठवण पुढेही टिकली. ॲरिस्टॉटलने कसोटी बदलली : एकाचे राज्य सर्वांच्या हितासाठी असेल तर राजेशाही, स्वतःच्या हितासाठी असेल तर जुलूमशाही. चौदाव्या शतकात इटलीतील कायदेपंडित बार्तोलसने दोन्ही अर्थ वेगळे मांडले. एक हक्काच्या अभावाने जुलमी, दुसरा वर्तनाने जुलमी. ही विभागणी आजही सर्वांत उपयोगी आहे.

नागपूरच्याच इतिहासावर ती लावून पाहता येते. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये औरस वारसाविना वारले. दत्तकाचा दावा नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील जडजवाहीर कलकत्त्यात लिलावात काढले. इथला आक्षेप हक्काबद्दलचा, म्हणजे बार्तोलसचा पहिला प्रकार. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचा प्रकार दुसरा. राष्ट्रीय झेंडा घेऊन इंग्रजांच्या वस्तीच्या सिव्हिल लाइन्सकडे जाणाऱ्यांना अडवून तुरुंगात टाकले जाई, तेही रीतसर हुकूम काढून. 'कायद्यानुसार चालले आहे, मग जुलूम कसा?' ही पळवाट इथेच बंद होते. कायदेशीरपणा हे फार तर राज्य मनमानी नसल्याचे लक्षण. न्याय्य असल्याचे नव्हे.

उलट बाजूची चूकही होते. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल होरपळला. 'बर्गी', म्हणजे लुटीला येणारे मराठा घोडेस्वार, हा शब्द तिथल्या अंगाईगीतात जाऊन बसला. पण ज्यांच्यावर राज्य नाही त्यांची लूट ही जुलूमशाही म्हणता येत नाही, ती लूटच. ओडिशातील कटकवर भोसल्यांचा अंमल बसल्यावर तिथल्या प्रजेपुरता तो प्रश्न उभा राहतो.

सर्वंकष सत्तेमागचा मूळ शब्दही १९२३ चाच, इटलीतला. मुसोलिनीच्या विरोधकांनी तो टीकेसाठी घडवला आणि त्यानेच पुढे मिरवला. लष्करशाही सत्ता कोणाकडे एवढेच सांगते. मराठीतील बेबंदशाही तर जुलूमशाहीच्या विरुद्ध टोकाची : तिथे कोणाचाच वचक उरलेला नसतो. मोगलाई आणि झोटिंगशाही हे बोलीतले शेरे आहेत, संज्ञा म्हणून ते वापरू नयेत.

जुलमाला राजाच लागतो असेही नाही. बहुमत जुलमी होऊ शकते, हे फ्रेंच विचारवंत तोकव्हिलने १८३५ मध्ये अमेरिकेबद्दल लिहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये त्याहून पुढचे मांडले : सामाजिक जुलमापुढे राजकीय जुलूम काहीच नाही, आणि समाजाला आव्हान देणारा सुधारक सरकारला आव्हान देणाऱ्या राजकारण्यापेक्षा अधिक धाडसी असतो. विहिरीवर पाणी नाकारणाऱ्या गावात हुकूमशहा कोण, ते दाखवता येत नाही. हुकूम कुठे लिहिलेलाही नसतो. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धर्मांतर केले ते या बिनराजाच्या जुलमातून बाहेर पडण्यासाठी.